‘चार-पाच वर्षं झाली असतील’ : जुना आजार आणि विमा कंपन्यांची नियत

आरोग्य विम्याचा दावा फेटाळणारे पत्र तुम्ही कधी वाचले आहे का? ज्याच्या नावाने ते येते, तो बहुधा ते वाचण्याच्या स्थितीत नसतो. पत्र इंग्रजीत असते. वर पॉलिसी क्रमांक, रुग्णालयाचे नाव, दाखल झाल्याची तारीख, आणि खाली एक लांबलचक वाक्य. विमाधारकाने पॉलिसी घेतेवेळी आपला पूर्वीपासूनचा आजार उघड केला नाही, सबब दावा देय नाही व पॉलिसी रद्द करण्यात येत आहे. साध्या भाषेत सांगायचे तर, तुम्ही खोटे बोललात, म्हणून पैसे मिळणार नाहीत. भरलेले हप्तेही बहुतेकदा गेलेच.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. आमच्या मोहल्ल्यात कुणाच्याही घरी सरकारी किंवा इंग्रजी कागद आला की तो वाचून दाखवण्याचे काम आपोआप शिक्षकांकडे येते. ‘आपा, जरा पढ़ के बोलो ना, क्या लिखा है.’ पूर्वी वीज मंडळाची नोटीस यायची, बँकेचे पत्र यायचे, कधी कोर्टाचा समन्स. गेल्या काही वर्षांत त्यात या पत्रांची भर पडली आहे. कंपन्या वेगळ्या, आजार वेगळे, मजकूर मात्र जणू एकाच साच्यातून काढलेला. प्रत्येक वेळी वाचून दाखवताना माझ्या मनात एकच येते. खोटे बोलल्याचा आरोप ज्या कागदाच्या आधारावर होतो आहे, तो कागद या माणसाने लिहिलेलाच नाही.

आधी कंपन्यांची बाजू. त्यांना बाजू आहे, आणि ती न मानता वाद घालण्यात अर्थ नाही. विमा म्हणजे अनेकांनी थोडे थोडे पैसे एका गल्ल्यात टाकायचे आणि ज्याच्यावर संकट येईल त्याला त्यातून द्यायचे. परवा ऑपरेशन ठरलेला माणूस आज येऊन पॉलिसी घेऊ लागला, तर गल्ला रिकामा होईल आणि हप्ता सगळ्यांचाच वाढेल. म्हणून आधीपासून असलेल्या आजारासाठी थांबण्याची मुदत ठेवतात. ती पूर्वी जास्तीत जास्त 48 महिने होती. विमा नियामक आयआरडीएआयने 1 एप्रिल 2024 पासून ती 36 महिन्यांवर आणली. शिवाय पॉलिसीच्या सुरुवातीचे 30 दिवस अपघात सोडून काही मिळत नाही, आणि मोतीबिंदू, हर्निया अशा ठरावीक उपचारांसाठी साधारण दोन वर्षे थांबावे लागते. मला तीन वर्षे जास्त वाटतात. पण ही शर्त निदान छापलेली असते. घ्यायचे तर घ्या, नाही तर सोडा. माझा झगडा या शर्तीशी नाही.

व्याख्येशीही नाही. आजची व्याख्या तशी बरी आहे. पॉलिसी सुरू होण्याआधीच्या 36 महिन्यांत डॉक्टरने ज्याचे निदान केले, किंवा ज्यासाठी डॉक्टरने सल्ला वा उपचार दिला, तोच ‘आधीपासूनचा आजार’. एकेकाळी याच व्याख्येत ‘लक्षणे’ हा शब्दही होता. म्हणजे तुम्हाला दम लागत होता, पाय सुजत होते, एवढ्यावरही कंपनी बोट ठेवू शकत होती. तो शब्द पुढे निघाला. तेव्हा शरीरात दडून बसलेला, ज्याची खुद्द तुम्हालाच खबर नव्हती असा आजार आता या व्याख्येत बसत नाही. कायद्याच्या कागदावर हे सगळे ठीक आहे. गडबड होते ती कागद भरताना आणि कागद उघडताना.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा मधुमेहावरचा देशव्यापी अभ्यास 2023 साली प्रसिद्ध झाला. त्याच्या अंदाजाप्रमाणे देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि 31 कोटींहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब. म्हणजे चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांच्या कुठल्याही रांगेत उभे राहा, ‘आधीपासूनचा आजार’ असलेला माणूस तुमच्या पुढे नाही तर मागे उभा आहेच. कंपन्यांना हे आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यांच्याकडे हिशेब करणारी माणसे बसलेली असतात. तरीही पन्नाशीच्या माणसाचा अर्ज पाच मिनिटांत मंजूर होतो. रक्त तपासत नाहीत, बीपी मोजत नाहीत. का?

कारण तपासणीला पैसे पडतात. वर्षभराच्या पॉलिसीत अर्ज मंजूर झाल्यावर वैद्यकीय तपासणीचा किमान निम्मा खर्च कंपनीने सोसावा, असे 2016 च्या विनियमात स्पष्ट होते. शिवाय तपासणीत साखर निघाली तर गिऱ्हाईक हातचे जायचे किंवा त्याला जादा हप्ता सांगावा लागायचा. त्यापेक्षा तपासूच नये. रकाना ‘नाही’ असा भरून घ्यावा, हप्ता जमा करावा. दहा जणांपैकी बहुतेक जण दावा करणारच नाहीत. जो करेल त्याची तेव्हा तपासणी करू. तीही त्याच्या शरीराची नव्हे, त्याच्या जुन्या कागदांची. पैसे घेताना डोळे मिटलेले आणि देताना दुर्बीण, असा हा धंदा आहे. दुकानदार असे वागला तर त्याला आपण काय म्हणू?

आता अर्ज कसा भरला जातो ते पाहू. एजंट घरी येतो, किंवा आजकाल जास्त करून बँकेत, कर्जाच्या फायलीसोबत, ‘यावरही सही करा’ म्हणून अर्ज पुढे सरकतो. मोबाईलवर असेल तर सहीसुद्धा नाही, ओटीपी सांगितला की झाले. प्रश्न इंग्रजीत असतात. गेल्या चार वर्षांत तुम्हाला खालीलपैकी कोणता आजार झाला आहे का, आणि खाली वीस-बावीस नावांची माळ. भरणारा माणूस विचारतो, ‘तब्येत ठीक आहे ना?’ समोरचा म्हणतो, ‘अल्हम्दुलिल्लाह.’ झाले. बावीस रकान्यांत ‘नाही’. एखाद्याने प्रामाणिकपणे ‘बीपीची गोळी चालू आहे’ म्हटले, तर एजंटच सांगतो, ‘बीपी आजकाल कुणाला नाही चाचा? लिहिलं तर हप्ता वाढेल.’ हा माणूस हप्ता घेताना कंपनीचा असतो. दाव्याच्या वेळी तोच अचानक तुमचा माणूस होतो, कारण अर्जावर सही तुमची आहे.

2002 साली नियामकाने पॉलिसीधारकांच्या हितरक्षणाचे विनियम काढले. त्यात अर्ज आणि कागदपत्रे परिस्थितीनुसार राज्यघटनेने मान्य केलेल्या भाषांत उपलब्ध करून देता येतील, असे म्हटले होते. मराठी आणि उर्दू दोन्ही त्या यादीत आहेत. ‘देता येतील’ आणि ‘द्यावेत’ यांतला फरक मी सातवीच्या मुलांना शिकवते, कंपन्यांना तो न शिकवताच कळतो. अर्ज दुसऱ्याने भरला असेल तर ‘मला मजकूर समजावून सांगितला आहे’ असा दाखला शेवटी घेण्याचीही तरतूद होती. तो दाखलाही त्याच हाताने, त्याच पेनने, त्याच मिनिटात भरला जातो. मी पाहिलेल्या अर्जांपैकी एकावर सही उर्दूत होती आणि तिच्या अगदी वर इंग्रजीत छापले होते की मी वरील सर्व वाचले व समजून घेतले आहे.

आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट इथे सांगते. कुरआनातली सर्वांत लांब आयत नमाज किंवा रोज्याबद्दल नाही, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. सूरह अल-बकरा, आयत 282. लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, ज्याच्यावर जबाबदारी येते त्याने मजकूर सांगावा, आणि तो दुर्बळ असेल किंवा सांगू शकत नसेल तर त्याच्या वलीने त्याच्या वतीने इन्साफाने सांगावा, असा तिचा आशय आहे. ज्याला कागदाची भाषा येत नाही तो फसू नये, ही काळजी चौदाशे वर्षांपूर्वी घेतली गेली. आमच्या बँकेतल्या टेबलावर वलीच्या खुर्चीत कोण बसले आहे? ज्याला महिनाअखेरीस पॉलिसींचा आकडा पूर्ण करायचा आहे तो.

आता एक प्रकरण. नावे देत नाही, कंपनीचेही नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील, चपलांचे छोटे दुकान, वय बावन्न. दुकानासाठी कर्ज काढायला गेले आणि कर्जासोबत पाच लाखांची आरोग्य पॉलिसी घेऊन आले. दोन वेळा नूतनीकरण केले, एक हप्ता चुकवला नाही. तिसऱ्या वर्षी छातीत दुखू लागले. रुग्णालयात नेले, एका रक्तवाहिनीत अडथळा निघाला, अँजिओप्लास्टी झाली. बिल दोन लाखांच्या पुढे गेले. आधी कॅशलेस नाकारले, ‘नंतर भरपाईसाठी अर्ज करा’ म्हणाले. बायकोच्या बांगड्या सराफाकडे गेल्या. दोन महिन्यांनी ते पत्र आले.

आधार काय? केसपेपरवरची एक ओळ. ‘के/सी/ओ एचटीएन, 5 इयर्स.’ नोन केस ऑफ हायपरटेन्शन, म्हणजे रुग्णाला पाच वर्षांपासून रक्तदाब असल्याचे ज्ञात आहे. पॉलिसी अडीच वर्षांची, रक्तदाब पाच वर्षांचा, म्हणजे माहिती दडवली. हिशेब संपला.

ही ओळ आली कुठून ते ऐका. रात्री साडेअकराला दाखल करताना निवासी डॉक्टरने विचारले, बीपी-शुगर काही आहे का? बायको रडत होती. म्हणाली, ‘बीपी है, चार-पाच साल हुए होंगे.’ डॉक्टरने 5 लिहिले. त्याची चूक नाही, त्याला जीव वाचवायचा होता, तारखा गोळा करायच्या नव्हत्या. प्रत्यक्षात पहिली गोळी सुरू झाली ती पॉलिसी घेतल्यानंतर काही महिन्यांनी. मुलाला ते पक्के आठवते, कारण त्याच सुमारास त्याच्या मोठ्या बहिणीचा निकाह होता आणि धावपळीत अब्बूंना चक्कर आली होती. पण याचा कागद नाही. गल्लीतल्या दवाखान्यात चिठ्ठी मिळत नाही, पुडी मिळते.

मी भाषेची शिक्षिका आहे, म्हणून या ‘चार-पाच’वर थोडी थांबते. आपल्या बोलण्यात चार-पाच हा आकडा नसतो. ‘चार-पाच माणसं आली होती’, ‘दहा-बारा दिवस झाले असतील’, ‘दोन-चार पैसे गाठीला आहेत’ असे आपण बोलतो तेव्हा कुणी मोजलेले नसते. मराठीत ही बोलण्याची रीत आहे, दखनीत आहे, उर्दूत आहे. ‘असतील’ आणि ‘होंगे’ ही क्रियापदेच सांगतात की बोलणारा अंदाज करतो आहे. या अंदाजाचे भाषांतर करताना ‘चार’ गळाले, ‘असतील’ गळाले, उरले फक्त 5. आणि एका घाबरलेल्या बाईच्या तोंडच्या अंदाजाला कंपनीने तिच्या नवऱ्याविरुद्धचा कबुलीजबाब बनवले. ज्या कंपनीने अडीच वर्षांपूर्वी त्या माणसाच्या दंडाला बीपीचा पट्टा लावायची तसदी घेतली नाही, तिला आज त्याचा रक्तदाब पाच वर्षांपासून होता याची खात्री आहे!

केसपेपरवरची अशी नोंद ही पुरावा म्हणून पुरेशी नाही, ती लिहिणाऱ्या डॉक्टरचे शपथपत्र आणा, असे ग्राहक आयोगांनी अनेकदा कंपन्यांना सुनावले आहे. माहिती दडवल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारीही कंपनीची. पण आयोगापर्यंत किती जण जातात? फेटाळणाऱ्या प्रत्येक पत्रामागचा हिशेब हाच असतो की बहुतेक जण कपाळाला हात लावून गप्प बसतील.

कंपन्यांचा सगळ्यात आवडता युक्तिवाद म्हणजे ‘परम विश्वास’. विमा हा परम विश्वासाचा करार आहे, म्हणून गिऱ्हाइकाने न विचारताही सगळे सांगितले पाहिजे. हे तत्त्व आपल्याकडे इंग्रजी कायद्यातून आले आणि त्याचे मूळ 1766 सालच्या लंडनमधल्या एका खटल्यात आहे. सुमात्रा बेटावरच्या बेन्कुलेन इथल्या इंग्रजांच्या किल्ल्याचा गव्हर्नर जॉर्ज कार्टर याने, परक्या शत्रूने किल्ला घेतला तर भरपाई मिळावी असा विमा लंडनमध्ये उतरवला. फ्रेंचांनी खरोखरच किल्ला घेतला. विमा देणाऱ्या बोहमने हात वर केले. किल्ला कमजोर आहे आणि फ्रेंच येऊ शकतात, हे तू आम्हाला सांगितले नाहीस!

लॉर्ड मॅन्सफील्डने निकाल देताना परम विश्वासाचे तत्त्व मांडले, आणि तेच वाक्य अडीचशे वर्षे विमा कंपन्या घोकत आल्या आहेत. पण त्या खटल्यात जिंकला कोण, हे त्या सांगत नाहीत. कार्टर जिंकला. मॅन्सफील्डचे म्हणणे असे की विश्वास दोन्ही बाजूंना बांधतो. विमा देणाऱ्याला जे स्वतः कळू शकत होते, ज्याची चौकशी त्याने केली नाही, त्याबद्दल नंतर ओरडता येणार नाही. वेळ आली की पॉलिसी रद्द करू, असा चोरकप्पा मनात ठेवून त्याने आधी हप्ता घ्यायचा नसतो. आजच्या कंपन्यांच्या कारभाराचे याहून नेमके वर्णन मला तरी सापडलेले नाही. आणि ज्या इंग्लंडने हे तत्त्व जगाला दिले, त्याने 2012 च्या कायद्याने सामान्य ग्राहकांवरून ‘न विचारता सांगा’ हे ओझे काढूनही टाकले. तिथे ग्राहकाने विचारलेल्या प्रश्नांची वाजवी काळजी घेऊन उत्तरे द्यायची, बस्स.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल दोन्ही बाजूंचे आहेत. 2009 साली न्यायालयाने कंपनीची बाजू उचलून धरली. पण त्या प्रकरणात माणूस वर्षानुवर्षे इन्सुलिनवर होता, मूत्रपिंडे निकामी झालेली होती आणि अर्जात तब्येत उत्तम लिहिली होती. त्या निकालाशी माझे भांडण नाही. डिसेंबर 2021 मध्ये न्या. डी. वाय. चंद्रचूड आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्यासमोर वेगळे प्रकरण आले. अमेरिकेला जाण्यासाठी प्रवासी आरोग्य विमा घेतलेल्या माणसाने मधुमेह असल्याचे अर्जात सांगितले होते, त्याची तपासणीही झाली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर त्याला हृदयविकाराचा झटका आला. कंपनी म्हणाली, कोलेस्टेरॉलची गोळी घेत होतास ते सांगितले नाहीस. न्यायालयाने कंपनीला खडसावले. ग्राहकाची वैद्यकीय स्थिती पाहून एकदा पॉलिसी दिली की त्याने उघड केलेल्या आजाराकडे बोट दाखवून दावा नाकारता येणार नाही. प्रश्न हा आहे की ज्या कंपनीने स्थिती पाहिलीच नाही, तिला जास्त सवलत का मिळावी? तपासणारी कंपनी बांधली जाते आणि न तपासणारी मोकळी राहते, हा उलटा न्याय आहे. मग तपासेल कोण?

एक तुलना मला अस्वस्थ करते. आयुर्विम्यात, 2015 च्या दुरुस्तीनंतर, विमा कायदा 1938 च्या कलम 45 प्रमाणे पॉलिसीला तीन वर्षे झाली की कोणत्याही कारणावरून तिच्यावर शंका घेता येत नाही. आरोग्य विम्यात हीच मुदत सलग 60 महिने आहे, 2024 पर्यंत तर आठ वर्षे होती. आणि तिच्यानंतरही ‘सिद्ध झालेली फसवणूक’ हा दरवाजा उघडाच. म्हणजे गेलेल्या माणसाच्या वारसांना तीन वर्षांत जे संरक्षण मिळते, ते जगण्यासाठी धडपडणाऱ्याला पाच वर्षांतही पूर्ण मिळत नाही.

‘विमा मुळात जायजच नाही, मग हा वाद कशाला?’ असे म्हणणारे वाचक आपल्यात आहेत, त्यांनाही दोन शब्द. 1985 साली जेद्दामध्ये आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने व्यावसायिक विमा नाजायज ठरवला आणि परस्पर सहकार्यावर चालणाऱ्या विम्याचा मार्ग खुला ठेवला, हे मला माहीत आहे. त्यामागचा मोठा आक्षेप ‘गरर’चा, म्हणजे व्यवहारातल्या घातक अनिश्चिततेचा होता. विकत घेतलेली पॉलिसी खरोखर पॉलिसी आहे की नाही हे खाटेवर पडल्यावर कळणे, यापेक्षा मोठा गरर कोणता? तेव्हा जे विमा घेत नाहीत त्यांनीसुद्धा या प्रश्नावर बोलायला हवे. आणि एक गोष्ट दोन्ही बाजूंना लागू आहे. मालातला ऐब दडवून विकणे आपल्या दीनमध्ये हराम आहे. आजार दडवून पॉलिसी घेणे हा जसा ऐब दडवणे आहे, तसाच दावा फेटाळण्याचा बेत दडवून ती विकणे हाही आहे. पहिल्याची सजा ठरलेली आहे. दुसऱ्याची कुठे आहे?

कंपन्या म्हणतात, जुना आजार पहिल्या दिवसापासून धरला तर धंदा बुडेल. पण आयुष्मान भारत योजनेत आणि आपल्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत जुना आजार आड येत नाही, दवाखान्याचा दरवाजा पहिल्या दिवसापासून उघडतो. मोठ्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्या सामूहिक पॉलिसीतही बहुधा तसेच असते. तिथे हे जमते कारण निरोगी आणि आजारी सगळे एकाच वेळी आत येतात. योजनांच्या यादीतली रुग्णालये, ठरावीक उपचार, ‘बेड शिल्लक नाही’ हे सगळे त्रास मला ठाऊक आहेत, त्यावर कधी तरी वेगळे लिहीन. पण आजाराला गुन्हा न मानता विमा चालवता येतो, एवढे तरी त्यातून दिसते. एकट्याने हप्ता भरणारा दुकानदार, शिलाई करणारी बाई, रिक्षावाला यांनाच आपली तब्येत सिद्ध करत फिरावे लागते.

माझी मागणी प्रतीक्षेची मुदत रद्द करा अशी नाही. तपासणी न करता हप्ता घेतला तर जुन्या आजाराचे कारण दाव्याच्या वेळी काढता येणार नाही, असा नियम हवा. ठरवून केलेली फसवणूक असेल तर कंपनीने ती सिद्ध करावी, पाच वर्षांनंतर नव्हे, पहिल्या दिवसापासून हाच दंडक असावा. अर्ज ज्या भाषेत सही होते त्या भाषेत असावा. ‘देता येईल’ नको, ‘द्यावा’ हवे. आणि आजार किती वर्षांचा ही केसपेपरवरची नोंद रुग्ण शुद्धीवर आल्यावर त्याला वाचून दाखवून त्याची सही घेतल्याशिवाय कोणत्याही दाव्यात ग्राह्य धरू नये. यात एकही गोष्ट अशक्य नाही. नियामकाने 2024 मध्ये एका परिपत्रकाने कॅशलेसला एका तासात परवानगी द्या, असे कंपन्यांना बजावले आहे. एवढे बजावता येते तर हेही येईल.

तोपर्यंत आपण काय करायचे ते थोडक्यात. एजंट काहीही म्हणो, बीपीची गोळी, शुगर, थायरॉईड, जुने ऑपरेशन, सगळे लिहायला लावा, गोळीच्या नावासकट. हप्ता वाढला तर वाढू द्या, नाही तर तो सगळाच पाण्यात जाईल. पॉलिसी हातात आल्यावर भरलेल्या अर्जाची प्रत मागून घ्या आणि घरातल्या शिकणाऱ्या मुलाकडून एकेक रकाना वाचून घ्या. चुकीचे लिहिले असेल तर कंपनीला लेखी कळवा. पटत नसेल तर 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते. नूतनीकरणाची तारीख चुकवू नका, खंड पडला की थांबण्याची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजतात. कंपनी बदलली तर मात्र आधी थांबलेली वर्षे जमेस धरली जातात. गल्लीतल्या डॉक्टरकडून तारीख घातलेली चिठ्ठी मागा, तो हसला तरी मागा. आणि रुग्णालयात कुणी ‘कधीपासून?’ विचारले तर माहीत असेल तेवढेच सांगा. नक्की माहीत नसेल तर ‘नक्की माहीत नाही’ म्हणा, आणि तसेच लिहायला सांगा.

दावा फेटाळला गेलाच, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. त्यांची कार्यालये मुंबईत आणि पुण्यात आहेत, फी नाही, वकील लागत नाही. 50 लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीने नकार दिल्यापासून वर्षभराच्या आत जावे लागते, हे मात्र विसरू नका. चपलांच्या दुकानाची तक्रार आम्ही तिथेच दाखल केली आहे. सोबत दोन वर्षांच्या नूतनीकरणाच्या पावत्या जोडल्या, निकाहाच्या पत्रिकेची प्रत जोडली, आणि गल्लीतल्या डॉक्टरने बऱ्याच विनवण्यांनंतर आपल्या लेटरहेडवर लिहून दिलेल्या दोन ओळी. त्यांत पहिल्या गोळीचा महिना आणि साल आहे.